आमच्या शेजारचा संस्थानिक: लिश्टनस्टाइनचा कारभार

नदीपल्याड

मागच्या महिन्यात एका धाग्यावर बोलता बोलता लिहून गेले की मी रोज सायकलवर टांग मारून परदेशात कामाला जाते आणि संध्याकाळी कुकर लावायला घरी असते. त्यावर विपूत (विचारपुशीत) चार-पाच जणांनी "कुठे?" म्हणून विचारलं. एकाने तर "तिथे म्हणे अजून राजा आहे, आणि तो शोभेचा नाही, हे खरं का?" असं विचारलं. उत्तर लिहायला बसले आणि ते मारुतीच्या शेपटासारखं वाढलं, म्हणून वेगळा धागा काढतेय.

आमचं घर बुख्सला, म्हणजे स्वित्झर्लंडमध्ये. ऑफिस शानला, म्हणजे लिश्टनस्टाइनमध्ये. मधे ऱ्हाइन. पुलावर चौकी नाही, शिपाई नाही, पासपोर्ट कोणी बघत नाही. दोन्हीकडे स्विस फ्रँकच चालतो. १९२४ पासून दोन्ही देशांचं जकात क्षेत्र एकच आहे. देशाचं क्षेत्रफळ १६० चौरस किलोमीटर, वस्ती ४० हजारांच्या आसपास. राजधानी फाडुत्समध्ये सहा हजारही लोक नाहीत. तिथल्या हमरस्त्यावरून मान वर केली की कड्यावर वाडा दिसतो. तो नुसता बघायचा, आत सोडत नाहीत, कारण मालक घरी असतात.

मालकांना इथे 'फ्युर्स्ट' म्हणतात. राजा म्हणण्यापेक्षा आपला 'संस्थानिक' हा शब्द जास्त नेमका बसतो. पण आपल्याकडचे संस्थानिक आधी जमीन मग पदवी असे आले. इथे उलटं झालं. लिश्टनस्टाइन हे मुळात घराण्याचं नाव. व्हिएन्नाच्या दरबारातलं बडं प्रस्थ, पैसा रग्गड, पण पवित्र रोमन साम्राज्याच्या सभेत बसायला थेट सम्राटाच्या अखत्यारीतली जमीन लागायची, ती यांच्याकडे नव्हती. मग १६९९ मध्ये शेलेनबर्ग १ लाख १५ हजार गुल्डनला घेतलं, १७१२ मध्ये फाडुत्स २ लाख ९० हजारांना. १७१९ मध्ये सम्राट सहाव्या कार्लने दोन्ही तुकडे एकत्र करून त्यांना घराण्याचंच नाव दिलं. सभेतल्या खुर्चीसाठी घेतलेला प्लॉट तो, राहायला थोडाच घेतला होता? पुढे सव्वाशे वर्षं गादीवरच्या एकाही फ्युर्स्टने इथे पाऊल टाकलं नाही. इथे कायमचे राहायला आले ते दुसरे फ्रान्झ योझेफ, तेही १९३८ मध्ये.

आताचे फ्युर्स्ट दुसरे हान्स आडाम. १९८९ पासून गादी त्यांची, पण २००४ च्या १५ ऑगस्टपासून रोजचा कारभार मुलगा अलोइस बघतो. तारखेकडे लक्ष द्या. इथला राष्ट्रीय दिन १५ ऑगस्टच आहे (फ्रान्झ योझेफांचा वाढदिवस १६ ला आणि मेरीचा सण १५ ला, त्यातून ठरलेला). मला ऑफिसला सुट्टी असते. आईची अजून समजूत आहे की युरोपातल्या कंपन्या भारताचा किती मान ठेवतात.

आता मुद्द्याचं. राज्यघटना १९२१ ची. तिच्या दुसऱ्या कलमात म्हटलंय की देश वंशपरंपरागत राजेशाही आहे, पण लोकशाही आणि संसदीय पायावर, आणि सत्ता फ्युर्स्ट आणि जनता या दोघांच्या ठायी आहे. विधिमंडळाला लांडटाग म्हणतात, सदस्य २५. सरकार पाच जणांचं: एक सरकारप्रमुख, एक उपप्रमुख, तीन मंत्री. लांडटाग नावं सुचवतं, फ्युर्स्ट नेमतो. इथपर्यंत सगळं आपल्या ओळखीचं.

पुढचं ओळखीचं नाही. प्रत्येक कायद्यावर फ्युर्स्टची मान्यता लागते. त्याने सहा महिन्यांत सही केली नाही तर कायदा मेला. कारण द्यायचं बंधन नाही. जनमताने मंजूर झालेल्या कायद्यालाही हेच लागू. सरकारवरचा त्याचा विश्वास उडाला तर सरकार जातं. महत्त्वाचं कारण असेल तर तो लांडटाग विसर्जित करू शकतो. न्यायाधीश निवडणाऱ्या समितीचा अध्यक्ष तोच, समसमान मतं पडली तर निर्णायक मत त्याचं, आणि त्याच्या संमतीशिवाय कुणाचं नाव पुढेच जात नाही.

आणि त्याच घटनेत हेही आहे: १,००० नागरिकांनी सह्या केल्या की लांडटागने केलेला कायदा मतदानाला टाकता येतो. घटनेचा विषय असेल तर १,५००. १,५०० सह्यांवर फ्युर्स्टवरच अविश्वास ठराव आणता येतो. १,५०० सह्यांवर राजेशाही मुळासकट रद्द करण्याची प्रक्रिया सुरू करता येते. देशात गावं अकरा, आणि त्यातल्या कुठल्याही गावाला मतदान घेऊन देशातून फुटून निघण्याचा हक्क आहे! यातले शेवटचे तीन हक्क २००३ च्या घटनादुरुस्तीतले, आणि ती लोकांनी स्वतः मतदान करून, ६४.३ टक्क्यांनी, पास केलीय.

सात वर्षं हे जवळून बघतेय. माझं आपलं एक निरीक्षण आहे: इथे राजाची ताकद त्याने काय केलं यात दिसत नाही, लोक काय करायचं टाळतात यात दिसते. पटतं का बघा.

गुळपोळी_फॅन

वा! धागा आवडला. या देशाचं ८० जणांचं सैन्य लढाईवर गेलं आणि ८१ जण परत आले ना? येताना एक मित्र मिळाला म्हणून घेऊन आले!

नदीपल्याड

हा किस्सा येणार हे माहीतच होतं. :) १८६६ च्या लढाईतला तो. इथे सगळेच सांगतात आणि ८१ वा नक्की कोण यावर प्रत्येकाचं उत्तर वेगळं असतं. पक्कं एवढंच की १८६८ मध्ये सैन्य मोडीत काढलं, खर्च परवडेना म्हणून, आणि नंतर परत कधी उभारलं नाही. पुढे जाऊ या.

खडूस_आजोबा

मॅडम, वर्णन छान आहे, पण ज्या देशात एक माणूस कारण न देता कायदा मारू शकतो त्याला लोकशाही म्हणायचं धाडस माझ्याच्याने होत नाही. ते सह्या-बिह्यांचं कौतुक ठीक. २००३ चं 'लोकांनी स्वतः' हे तर फारच गोड. माझ्या आठवणीप्रमाणे तेव्हा या हान्स आडामने जाहीर सांगितलं होतं की दुरुस्ती नामंजूर केलीत तर मी चंबूगबाळं आवरून व्हिएन्नाला चाललो. घरमालकाने भाडेकरूंची सभा भरवायची, भाडेवाढ मंजूर करा नाहीतर इमारत विकतो म्हणायचं, आणि मग 'बघा, सर्वानुमते!' त्याला जनमत म्हणत नाहीत आमच्याकडे.

नदीपल्याड

आजोबा, आठवण बरोबर आहे. व्हिएन्नाची धमकी खरीच होती, आणि मतदानाच्या आधी युरोपीय परिषदेच्या व्हेनिस आयोगानेही या दुरुस्तीवर बरीच कडक टीका केली होती.

पण उदाहरण थोडं दुरुस्त करते. हा घरमालक भाडं घेत नाही. फ्युर्स्टला सरकारी तिजोरीतून पगार नाही. घराण्याची स्वतःची बँक आहे, व्हिएन्नात राजवाडे आहेत, ऑस्ट्रियात जंगलं आहेत, आणि चित्रांचा संग्रह असा की १९६७ मध्ये त्यातला एक लिओनार्डो वॉशिंग्टनच्या संग्रहालयाला विकला. चेकोस्लोव्हाकियाने १९४५ मध्ये यांच्या जमिनी जप्त केल्या, त्या एकट्या या देशाच्या काही पट होत्या. त्यावरून चेकशी राजनैतिक संबंध जुळायला २००९ उजाडलं. म्हणजे देशाला हे घराणं जितकं लागतं, तितका घराण्याला देश लागत नाही. धमकीत दम होता तो यामुळे. पगारी राजाने 'जातो' म्हटलं असतं तर लोकांनी सामान बांधायला मदत केली असती.

कलम_कसाई

वकिली नजरेतून दोन पैसे माझेही.

२००३ समजून घ्यायचं तर १९९५ पासून सुरुवात करावी लागेल. हर्बर्ट विले नावाचे प्रशासकीय न्यायालयाचे अध्यक्ष होते. त्यांनी एका व्याख्यानात म्हटलं की घटनेच्या अर्थावरून फ्युर्स्ट आणि लांडटाग यांच्यात वाद झाला तर निवाडा घटनात्मक न्यायालयाने करायचा. कायद्याच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही मान डोलवेल असं वाक्य. फ्युर्स्टने त्यांना पत्र लिहून कळवलं की तुमचं हे मत घटनेविरुद्ध आहे, आणि यापुढे तुम्हाला कुठल्याही सरकारी पदावर नेमणार नाही. १९९७ मध्ये लांडटागने विलेंचं नाव पुन्हा सुचवलं. फ्युर्स्टने नकार दिला.

विले स्ट्रासबर्गला मानवी हक्क न्यायालयात गेले आणि २८ ऑक्टोबर १९९९ ला जिंकले. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग झाला असं न्यायालयाने स्वच्छ सांगितलं.

आता गंमत बघा. घटनेत एक जुनं कलम होतं, अर्थाबद्दलचा वाद घटनात्मक न्यायालयाकडे नेण्याचं. विलेंचा सगळा आधार तेच कलम. २००३ च्या दुरुस्तीत ते वगळलं गेलं. आणि न्यायाधीश नेमण्याची नवी समिती आली, अध्यक्ष कोण ते धागाकर्तीने वर लिहिलंच आहे. खटला हरलेल्या पक्षकाराने नियमच बदलून घेतले. पक्षकार म्हणून मी त्यांना शंभर टक्के मार्क देईन.

मात्र एक बाजू न्यायाने मांडायला हवी. समितीने सुचवलेलं नाव लांडटागला पटलं नाही आणि चार आठवड्यांत तडजोड झाली नाही, तर शेवटी लोक मतदानाने ठरवतात. सगळ्या वाटा शेवटी मतपेटीकडे नेलेल्या आहेत.

खडूस_आजोबा

आणि मतपेटीतून निघालेलं फ्युर्स्टला नको असेल तर तो सही करणार नाही. झालं वर्तुळ पूर्ण.

कलम_कसाई

अगदी. राजेशाही रद्द करण्याचा ठराव तेवढा त्याच्या सहीतून सुटलेला आहे. म्हणजे नकाराधिकाराला तोड म्हणून लोकांच्या हातात एकच हत्यार दिलंय, थेट तोफ. डास मारायला तोफ कोण काढणार?

अविश्वास ठरावही नीट वाचा. १,५०० सह्या, मग मतदान, आणि जनतेने 'विश्वास नाही' म्हटलं तरी पुढे काय करायचं हे घराणं आपल्या कुलनियमांप्रमाणे ठरवणार. त्या कुलनियमांत वारसा फक्त मुलग्यांकडे जातो.

मोजपट्टी

नकाराधिकार प्रत्यक्षात किती वेळा वापरला? कागदावर तर इंग्लंडच्या राजालाही आहे.

नदीपल्याड

फारच क्वचित. ठळक उदाहरण म्हणून १९६१ चा शिकारीचा कायदा सांगतात. हो, शिकारीचा!

पण मोजपट्टी, तुमच्या प्रश्नातच माझ्या निरीक्षणाचं मूळ आहे. २०११ चं सांगते. मी तेव्हा इथे नव्हते, पण ऑफिसातल्या बायकांकडून तुकड्यातुकड्याने ऐकलंय.

इथे गर्भपात गुन्हा होता. पहिल्या बारा आठवड्यांत तो शिक्षेच्या कक्षेबाहेर काढावा म्हणून काही नागरिकांनी सह्या जमवल्या. मतदान १८ सप्टेंबरला ठरलं. त्याआधी आला १५ ऑगस्ट. त्या दिवशी सगळा देश वाड्यासमोरच्या कुरणावर जमतो, फ्युर्स्टचं आणि लांडटागच्या अध्यक्षांचं भाषण होतं, मग खाणंपिणं, रात्री फटाके. त्या भाषणात अलोइसने सांगून टाकलं की हा प्रस्ताव मंजूर झाला तरी मी सही करणार नाही.

महिन्याभराने मतदान झालं. ५२.३ टक्के विरोधात. प्रस्ताव पडला.

म्हणजे नकाराधिकार वापरला का? नाही. नोंदीत शून्य. पण जी माणसं कुंपणावर होती, त्यातली किती 'तसंही होणार नाहीये, मग कशाला जायचं' म्हणून घरी बसली, किती जणांनी वाद नको म्हणून विरोधात टाकलं, हे कुठल्या आकड्यात धरणार? सासूबाई काही बोलत नाहीत, नुसत्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहतात. मग सून फोडणीत लसूण घालत नाही. सासूने लसणाला मनाई केली असं म्हणता येईल का?

गुळपोळी_फॅन

हाहा, लसणाचं उदाहरण सेव्ह करून ठेवतो. बायकोला दाखवणार नाही.

ब्रसेल्सवाडी

या लसणाच्या बाबतीत युरोपातले तीन राजे तीन वाटांनी गेलेत.

बेल्जियमचे राजे बोदुआँ. १९९० मध्ये गर्भपाताचा कायदा संसदेत मंजूर झाला. ते कट्टर कॅथलिक, सही करवेना. सरकारने तोडगा काढला: राजा तात्पुरता राज्य करायला असमर्थ आहे असं जाहीर केलं, मंत्रिमंडळाने सही केली, आणि दोन दिवसांत संसदेने राजाला पुन्हा समर्थ ठरवलं. देव्हाऱ्यातल्या देवाला कापडाआड ठेवून घरात मटण करावं तसं.

लक्झेंबर्गचे ग्रँड ड्यूक हेन्री. २००८ मध्ये इच्छामरणाच्या कायद्याला मान्यता देणार नाही म्हणाले. संसदेने त्यांच्याशी वाद न घालता २००९ च्या मार्चमध्ये घटनाच बदलली. ड्यूकने कायद्याला 'मान्यता' द्यायचा शब्दच काढून टाकला, आता ते फक्त कायदा जाहीर करतात. एका नकारात अधिकार कायमचा गेला. त्यांनी २०२५ मध्ये गादी मुलाला दिली, तेव्हा त्यांच्या कारकिर्दीतला मोठा प्रसंग म्हणून हा हमखास निघाला.

आणि तिसरे तुमचे अलोइस. एकाने पळवाट घेतली, एकाने अधिकार गमावला, आणि तिसऱ्याला सही नाकारायची वेळही आली नाही. तिघांत चतुर कोण ते तुम्हीच ठरवा.

नदीपल्याड

@ब्रसेल्सवाडी, लक्झेंबर्गचं उदाहरण फार नेमकं दिलंत, कारण इथल्या लोकांनाही हेच करायची संधी मिळाली होती.

२०११ च्या त्या प्रकारानंतर काही जणांनी घटनादुरुस्तीचा प्रस्ताव आणला: फ्युर्स्टचा नकाराधिकार राहू दे, पण जनमताने जे मंजूर होईल त्याला तो लागू नको. एवढंच. १ जुलै २०१२ ला मतदान झालं. ७६.१ टक्के लोकांनी 'नको' म्हटलं.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी बाई, वय पन्नाशीच्या पुढे, शेलेनबर्गची. तिने २०११ मध्ये गर्भपाताच्या बाजूने मत दिलं होतं आणि २०१२ मध्ये नकाराधिकार कापण्याच्या विरोधात. मला हे कोडं उलगडेना, म्हणून एकदा जेवणाच्या सुट्टीत विचारलं. तिचा हिशोब सरळ होता. गर्भपातासाठी डोंगरापलीकडे जाता येतं, गावातल्या बायका जातच आल्या आहेत. पण घराणं रुसलं तर ते कुठून आणायचं? बोलता बोलता तिने डब्यातला चीजचा तुकडा मला दिला. तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

खडूस_आजोबा

म्हणजे घाबरलेली बाई.

नदीपल्याड

मलाही आधी तसंच वाटलं. आता वाटत नाही. याच लोकांनी सरकारचे एवढे प्रस्ताव आपटलेत की घाबरट म्हणवत नाही. ३० ऑगस्ट २०२० ला एकाच दिवशी तीन विषय होते: दुहेरी नागरिकत्व, राजकीय पदांवर स्त्री-पुरुष समतोल, आणि ऑस्ट्रियातल्या फेल्डकिर्शपासून बुख्सपर्यंतच्या रेल्वेचा विस्तार. तिन्ही फेटाळले! रेल्वेचं मला वैयक्तिक दुःख आहे. देशातून जाणारी एकुलती एक लाइन, चालवतं ऑस्ट्रियाचं रेल्वेखातं, गाड्या बेताच्या. इथल्या नोकऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त आम्ही बाहेरून येणारे करतो, पण मत आम्हाला नाही. पावसात सायकल हाणताना लोकशाहीबद्दल जे विचार मनात येतात ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

२०२४ मध्ये तर त्यांनी स्वतःचं रेडिओ स्टेशन मतदानाने बंद पाडलं. म्हणजे सरकारी पैसा बंद करून ते खाजगी करा एवढंच मत होतं. घ्यायला कोणी आलं नाही आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये आवाज गेला.

मोजपट्टी

निवडणुका कशा होतात ते सांगाल का? ४० हजारांच्या देशात पक्ष तरी किती असणार.

नदीपल्याड

दोन मोठे, पिढ्यान्‌पिढ्या. एफबीपी म्हणजे 'काळे', व्हीयू म्हणजे 'लाल'. घराणी ठरलेली असतात: त्यांचे आजोबा काळे, म्हणून ते काळे. दोन्ही पक्ष राजनिष्ठ, दोन्ही उजवीकडे झुकलेले. बाहेरच्याला फरक सांगायचा तर इथलेही डोकं खाजवतात. १९३८ ते १९९७ ही जवळजवळ साठ वर्षं दोघांनी मिळूनच सरकार चालवलं. वर्तमानपत्रंही वाटून घेतलेली. काळ्यांचं 'फोल्क्सब्लाट' १८७८ पासून निघत होतं, ते २०२३ च्या मार्चमध्ये बंद पडलं. आता उरलं लालांकडे झुकणारं 'फाटरलांड'.

मतदारसंघ दोन: वरचा प्रदेश, जागा १५, आणि खालचा प्रदेश, जागा १०. तेच ते, १६९९ आणि १७१२ मध्ये घेतलेले दोन प्लॉट! तीनशे वर्षं झाली तरी शिवण दिसते. लांडटागमध्ये शिरायला देशभरात ८ टक्के मतं लागतात. आमदारकी अर्धवेळ, मास्तर, वकील, दुकानदार असतात आणि महिन्यातले काही दिवस बैठकीला येतात.

मतपत्रिका भारी असते. पाकिटात प्रत्येक पक्षाची यादी येते, त्यातली एक निवडायची. मग यादीतलं न आवडणारं नाव काट मारून घालवायचं आणि त्या जागी दुसऱ्या पक्षाच्या माणसाचं नाव हाताने लिहायचं. माझी एक सहकारी काळ्यांची यादी घेते, पण दातांचा डॉक्टर लालांकडून उभा असतो, त्याचं नाव दर वेळी लिहिते. बहुतेक लोक पोस्टाने मत पाठवतात, त्यामुळे हे सगळं जेवणाच्या टेबलावर, कुटुंबासमोर चालतं.

मोजपट्टी

थांबा. म्हणजे एका मतदाराला एक मत नाही? मी २०२१ बद्दल वाचलं होतं की दोन पक्षांत फक्त ४२ मतांचा फरक होता.

नदीपल्याड

जितक्या जागा तितकी मतं. वरच्या प्रदेशात प्रत्येकाची १५, खालच्या प्रदेशात १०.

मोजपट्टी

मग ४२ मतं म्हणजे तीन-चार माणसं! एका रिक्षात मावतील एवढे लोक उठून मतदानाला गेले नसते तर पहिला नंबर बदलला असता?

नदीपल्याड

हिशोब बरोबर. दोघांच्या जागा मात्र १०-१० अशा सारख्याच आल्या, आणि मिळून सरकार झालं. २०२५ च्या फेब्रुवारीत चित्र हललं: लाल १०, काळे ७, डीपीएल नावाचा नवा उजवा पक्ष २ वरून ६ वर, आणि डावे-हिरवे २. सरकार पुन्हा लाल-काळ्यांचंच, पण सरकारप्रमुख झाल्या ब्रिगिटे हास, पहिली बाई. बायकांना इथे मताचा हक्क १९८४ मध्ये मिळाला, तोही पुरुषांनी मतदान करून दिला, ५१.३ टक्क्यांनी. त्याआधी १९७१ आणि १९७३ ला त्याच पुरुषांनी 'नको' म्हटलेलं. शेलेनबर्गची बाई लहान होती तेव्हा तिच्या आईला मत नव्हतं.

औंधकर

संस्थानिकाने आणि प्रजेने सत्ता वाटून घ्यायची म्हटल्यावर आमच्या औंधची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. १९३९ मध्ये भवानराव पंतप्रतिनिधींनी स्वतःहून राज्यघटना देऊन सत्ता गावपंचायतींकडे सोपवली. ७२ गावांचं संस्थान. आमचा राजा अधिकार सोडून मोठा झाला, तुमचा वाढवून. इतकंच म्हणतो, धागा भरकटवत नाही.

खडूस_आजोबा

+१ औंधकर. बरं, काळ्या पैशाबद्दल धागाकर्ती मौन का?

नदीपल्याड

मौन नाही हो, तो विषय स्वतंत्र आहे. २००८ मध्ये घराण्याच्याच बँकेतून चोरीला गेलेला खातेदारांचा डेटा जर्मन यंत्रणेपर्यंत पोचला आणि मोठा भूकंप झाला. त्यानंतर नियम खूप बदलले. आज इथल्या अर्थव्यवस्थेत कारखान्यांचा वाटाही मोठा आहे. मी स्वतः बँकेत नाही, ड्रिलिंगच्या सुट्या भागांचे ड्रॉइंग तपासते, त्यामुळे आतल्या बातम्या मागू नका.

गुळपोळी_फॅन

शेवटचा प्रश्न. तुम्हाला तिथलं नागरिकत्व मिळेल का? म्हणजे तुम्हीही राजाला मत देऊ शकाल. किंवा न देऊ शकाल.

नदीपल्याड

आधी तिथे राहायला तर मिळायला हवं! राहण्याचे परवाने इतके मोजके की युरोपीय नागरिकांसाठी त्यातल्या काहींची चक्क सोडत काढतात, आपल्या म्हाडासारखी. म्हणून तर आम्ही नदीच्या अलीकडे. समजा मिळालंच, तर दोन रस्ते: तीस वर्षं राहा (विशीच्या आतली वर्षं दुप्पट धरतात), नाहीतर दहा वर्षांनी अर्ज करा आणि गावकऱ्यांच्या मतदानाला सामोरे जा. हो, तुमच्या नावावर गाव मतदान करतं. आणि आधीचा पासपोर्ट सोडायचा.

शेलेनबर्गच्या बाईला मी गमतीत विचारलं होतं, मी अर्ज केला तर मला मत देशील का. ती म्हणाली, देईन, पण आधी तू १५ ऑगस्टला वर वाड्यासमोर ये, लोकांनी तुला बघायला हवं. या वर्षी जायचं ठरवलंय. नवरा म्हणतोय भाषण ऐकायला कशाला, फटाके तर आपल्या गॅलरीतून दिसतात.